परतीची गाडी : वेंगुर्ले किनाऱ्यावरील एका लग्नातील पाहुण्यांच्या प्रवासाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे लग्न फेब्रुवारी २०२५ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ले तालुक्यात, कर्ली नदीच्या मुखापासून दक्षिणेकडे असलेल्या एका किनारी वाडीत झाले. वाडीचे नाव आणि माणसांची ओळख येथे दिलेली नाही. मी वधूच्या वडिलांचा चुलतभाऊ. पाहुण्यांच्या जाण्यायेण्याची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतील बहुतेक माझ्याच आहेत.

वधूचे वडील डोंबिवलीतील नोकरी संपवून मूळ घरी येऊन राहिले आहेत. वधू आणि वर दोघेही पुण्यात नोकरी करतात. वराकडच्या मंडळींचा कोकणाशी पूर्वीचा काही संबंध नाही; समुद्राच्या काठी, माडांच्या सावलीत लग्न व्हावे ही इच्छा मुळात त्यांची होती आणि आपल्या घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, माटव (मांडव) उभा राहणार म्हणून वधूपक्षाला ती मनापासून आवडली. मेमध्ये विहिरींचे पाणी तळाला जाते आणि चाकरमान्यांमुळे गाड्या भरलेल्या असतात, पावसाळ्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून फेब्रुवारी ठरला. सर्वांना सोयीचा म्हणून २३ फेब्रुवारी हा रविवार धरून दुपारचा मुहूर्त काढून घेतला. शनिवारी हळद आणि रविवारी लग्न, असा दोन दिवसांचा बेत होता.

बाहेरगावाहून येणारे पाहुणे १८६ होते. त्यांपैकी १०४ मुंबई, ठाणे, डोंबिवली आणि वसई या पट्ट्यातले, ४६ पुण्याचे, १७ कोल्हापूर आणि बेळगावचे, १२ बंगळूर आणि हैदराबादचे आणि ७ परदेशातून येणारे होते. सत्तरीच्या पुढचे एकोणीस जण होते आणि त्यांतील दोघांना चाकाच्या खुर्चीवाचून हिंडणे शक्य नव्हते.

जागेची रचना समजल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. जवळचे रेल्वे स्थानक कुडाळ, सुमारे तीस किलोमीटरवर. कुडाळहून रस्ता परुळ्याच्या बाजूने सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, येतो. सड्यावरच्या तिठ्यापर्यंत (तीन रस्ते मिळतात तेथपर्यंत) एसटी आणि मोठ्या बसगाड्या सहज येतात. तिठ्यापासून वाडीत उतरणारा अडीच किलोमीटरचा रस्ता मात्र जांभ्याच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, दोन तीव्र वळणे घेत खाली जातो. सतरा आसनी ट्रॅव्हलर तेथे उतरते. पंचेचाळीस आसनी बस उतरली तर तिला वळायला जागा नाही. खाली मोबाइलला संपर्क कधी मिळतो, कधी मिळत नाही, आणि हे घरागणिक बदलते.

चिपीचा विमानतळ याच तालुक्यात, वाडीपासून हाकेच्या अंतरावर म्हणावा असा आहे, आणि हे नकाशात पाहिलेला प्रत्येक पाहुणा त्याबद्दल विचारत असे. परंतु २०२१ मध्ये सुरू झालेली मुंबई–चिपी ही सेवा त्या हिवाळ्यात बंद होती. पुण्याहून मोजक्या दिवशी छोटे विमान येत असे, ज्यावर शंभर माणसांचे नियोजन बेतता येत नाही. म्हणून विमानाने येणाऱ्यांसाठी खरा पर्याय गोव्यातील मोपा हाच होता. जानेवारी २०२३ पासून तेथून नियमित उड्डाणे होत आहेत, आणि बांदा–झाराप मार्गे चौपदरी महामार्गामुळे तो प्रवासही सुसह्य आहे.

अडचण

तारीख सप्टेंबर २०२४ मध्ये ठरली तेव्हा रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी खुले होत असे. म्हणजे ऑक्टोबरअखेरीस तिकिटे काढून मोकळे होता येईल, हे गृहीत धरून आम्ही पाहुण्यांची यादी पक्की करायला लागलो. ऑक्टोबरमध्येच रेल्वेने जाहीर केले की १ नोव्हेंबरपासून आरक्षण ६० दिवस आधीच खुले होईल. पहिली प्रतिक्रिया सुटकेची होती, कारण यादी तयार नव्हती आणि दोन महिने वाढून मिळाले होते. त्या सुटकेच्या भावनेने आमचे नुकसान केले. तिकिटाचा विषय डिसेंबरवर ढकलला गेला आणि त्याच्याबरोबर प्रवासाचा सगळा विचारही.

दरम्यान मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख जाहीर झाली : २२ फेब्रुवारी. ही जत्रा पंचांगातल्या ठरावीक तिथीला होत नाही. शेतीची कामे आटोपल्यावर देवीचा कौल, म्हणजे संमती, घेऊन दरवर्षी नवी तारीख ठरते, आणि ती जानेवारीअखेरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत कोठेही पडू शकते. दीड दिवसाच्या या जत्रेला मुंबईहून लाखोंनी माणसे येतात. जिल्ह्यात जन्म काढलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही, आणि तरीही तारीख ठरवताना आमच्या घरातल्या एकालाही ते सुचले नाही. सप्टेंबरमध्ये कौल झालेला नव्हता, त्यामुळे दिनदर्शिकेत तो रविवार रिकामा दिसत होता. बातमी आली त्या दिवशी पत्रिका छापून घरात येऊन पडल्या होत्या.

जत्रेचा परिणाम तीन ठिकाणी होणार होता. गुरुवार आणि शुक्रवार रात्रीच्या मुंबईहून सुटणाऱ्या गाड्या भरणार होत्या. शनिवारी जिल्ह्यातल्या एसटी आगारांच्या गाड्या, रिक्षा आणि खाजगी वाहने आंगणेवाडीकडे वळणार होती; आपल्याच वाडीतल्या चालकांना आणि आचाऱ्यांनाही देवीच्या दर्शनाला जायचे असणार होते. आणि रविवारी संध्याकाळी, म्हणजे आमचे पाहुणे परत निघण्याच्या नेमक्या वेळी, जत्रेला आलेली सारी मुंबई परत निघणार होती. यांपैकी पहिल्या दोन परिणामांवर आम्ही पुष्कळ डोके लढवले. तिसऱ्याकडे आमचे लक्ष किती उशिरा गेले, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

विचारात घेतलेले पर्याय

तारीख बदलणे हा पहिला पर्याय अर्ध्या तासाच्या बैठकीत बाजूला पडला. पत्रिका छापल्या होत्या, निवास-न्याहारीच्या घरांना आगाऊ रक्कम दिली होती आणि परदेशातील पाहुण्यांनी विमानाची तिकिटे काढली होती. आजही मला वाटते की हा पर्याय अर्ध्या तासात सोडायला नको होता. त्या सात जणांची तिकिटे बदलण्याचा खर्च आणि पुढे झालेला खर्च व मनस्ताप यांची तुलना कोणीही कागदावर केली नाही.

लग्न कुडाळमधील एखाद्या कार्यालयात हलवणे, हा पर्याय वराच्या मामांनी सुचवला. त्यामुळे शेवटच्या तीस किलोमीटरांचा प्रश्न मिटला असता. पण मग समुद्रकाठी लग्न करण्याला अर्थ उरला नसता, आणि कुडाळातील वाहतूक जत्रेच्या दिवशी वाडीपेक्षा वाईट असते.

तिसरा पर्याय होता पाहुण्यांनी आपापले येण्याचा : पत्ता द्यावा, कुडाळहून गाडी मिळेल असे सांगावे आणि बाकीचे त्यांच्यावर सोपवावे. पुष्कळ लग्ने अशीच पार पडतात. पण येथे पाहुण्यांपैकी निम्म्यांनी कोकण रेल्वेने कधी प्रवास केला नव्हता, आणि एकोणीस वृद्धांचा प्रश्न होता.

रेल्वेचा संपूर्ण डबा आरक्षित करता येतो, म्हणून त्याचीही चौकशी केली. त्यासाठी अनामत रक्कम आधी भरावी लागते आणि माणसांची संख्या त्याआधी पक्की असावी लागते. आमची यादी दर आठवड्याला हलत होती. शिवाय डब्यातले सगळे एकाच गाडीने जाऊन एकाच गाडीने परतायला हवेत, आणि लग्नाच्या पाहुण्यांना तसे बांधता येत नाही. जत्रेसाठी कोकण रेल्वे विशेष गाड्या सोडते, त्यांची वाट पाहावी असे काहींचे मत होते. या गाड्यांची घोषणा उशिरा होते, म्हणून त्यांना पुरवणी मानायचे, मुख्य आधार मानायचे नाही, असे ठरले. हा निर्णय बरोबर होता.

शेवटी मध्यममार्ग निवडला. गावापर्यंतचा लांबचा प्रवास पाहुण्यांच्या नावानिशी आम्हीच आरक्षित करायचा, शेवटच्या टप्प्याची वाहने पूर्णपणे आमच्या ताब्यात ठेवायची, आणि ज्यांना स्वतःच्या मोटारीने यायचे असेल त्यांना वाट लिहून द्यायची.

येण्याचे नियोजन

रेल्वेच्या संकेतस्थळावर एका तिकिटात सहापेक्षा जास्त नावे घालता येत नाहीत. म्हणून घरातल्या आठ तरुणांना प्रत्येकी सहा नावांची यादी, वये आणि बर्थची गरज लिहून दिली. गुरुवार २० फेब्रुवारीच्या गाड्यांचे आरक्षण २२ डिसेंबरला सकाळी आठला खुले झाले आणि ३८ जणांना पक्की तिकिटे मिळाली. दुसऱ्या दिवशी शुक्रवारच्या कोकणकन्या एक्स्प्रेससाठी बसलो तेव्हा शयनयान डबे काही मिनिटांत प्रतीक्षायादीवर गेले आणि नंतर थेट ‘रिग्रेट’ (म्हणजे प्रतीक्षायादीही बंद) दिसू लागले. त्या अनुभवावरून एक बदल केला, जो पूर्ण नियोजनात सर्वांत उपयोगी ठरला : ज्यांना शक्य आहे त्यांनी शुक्रवारची रजा काढून गुरुवारी रात्रीच निघावे, असे घरोघरी फोन करून सांगितले. पत्रिकेवर छापलेल्या विनंतीने हे झाले नसते. वधूच्या आत्याने एकटीने चाळीसेक फोन केले असतील.

तुतारी एक्स्प्रेसबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ही चूक दर लग्नसराईत कोणी ना कोणी करते. ही गाडी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री जेवून निघणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ती शुक्रवारची गाडी असते. तिकिटावर मात्र शनिवारची तारीख असावी लागते. आमच्या आठ तरुणांपैकी दोघांनी शुक्रवारची तारीख घातली. एकाची चूक त्याच दिवशी लक्षात आली. दुसऱ्याच्या यादीतले सहा जण शुक्रवारी रात्री साडेअकराला सामानासह दादरला पोहोचले, तेव्हा त्यांची गाडी आदल्या मध्यरात्रीच निघून गेलेली होती. त्यांतील चौघे मिळेल त्या खाजगी बसने, दुप्पट भाडे देऊन, शनिवारी दुपारी पोहोचले. दोघांना परत घरी जावे लागले आणि लग्न चुकले. तिकिटाची प्रत प्रत्येकाकडे आठवडाभर आधी होती. ती कोणी वाचली नाही, आणि ती वाचून दाखवणे हे आमचे काम आहे असे आम्हालाही वाटले नव्हते.

वंदे भारतने येऊ का, असे अनेकांनी विचारले. तिला कुडाळचा थांबा नाही; कणकवलीला उतरून रस्त्याने पुढे यावे लागते. जत्रेच्या दिवसांत कणकवलीला वेगळे वाहन ठेवणे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांना नाही म्हटले. सगळ्या रेल्वेप्रवाशांनी एकट्या कुडाळलाच उतरावे, हा नियम आम्ही कोणालाही वाकवू दिला नाही.

पुण्याकडच्या मंडळींची एक बस आणि काही मोटारी होत्या. करूळ घाट जानेवारी २०२४ पासून कामासाठी बंद होता, आणि कोल्हापूरच्या अलीकडे महामार्गाचे रुंदीकरण चालू असल्याने जागोजागी वळणरस्ते होते. त्यांना निपाणी–आजरा–आंबोली ही वाट लिहून दिली. आंबोलीचा घाट दिवसाउजेडी उतरावा, एवढी एकच ताकीद होती, आणि ती पाळली गेली. मोपाहून येणाऱ्यांना वेगळी ताकीद होती : गोव्यातून बाटल्या आणू नयेत. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी अडली तर त्या गाडीतल्या सगळ्यांचे लग्न तेथेच लागते. हे वाक्य पत्रकात असेच छापले होते आणि वराच्या काकांनी त्याला हरकत घेतली होती. पण एकाही गाडीत काही निघाले नाही.

शेवटचा टप्पा

एसटीची गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे समारंभापुरती भाड्याने, घ्यावी, हा आमचा मूळ बेत होता. जवळच्या आगाराने त्या दोन दिवशी गाडी देता येणार नाही असे स्पष्ट सांगितले. त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. जत्रेच्या जादा फेऱ्या त्यांना करायच्याच होत्या. म्हणून बेळगावच्या बाजूच्या एका वाहनमालकाकडून तीन ट्रॅव्हलर घेतल्या, ज्यांच्या चालकांना जत्रेची ओढ नव्हती. वाडीतल्या पाच रिक्षाचालकांशी वेगळे बोललो. शनिवारी पहाटे लवकर दर्शनाला जाऊन दहापर्यंत परत येण्याची मोकळीक त्यांना दिली आणि त्या बदल्यात उरलेले दीड दिवस ते आमच्याकडे राहिले. त्यांना जाऊ नका असे म्हटले असते तर तीन तरी गेलेच असते.

निवासाची वाटणी पहिल्यांदा वधूपक्ष आणि वरपक्ष अशी केली होती : एका वाडीत हे, दुसऱ्या वाडीत ते. कुडाळच्या फलाटावर उभे राहून ती कशी राबवायची, याचा विचार केल्यावर ती निरुपयोगी ठरली. एका गाडीतून उतरलेले तीस जण चार ठिकाणी वाटायचे तर प्रत्येक ट्रॅव्हलर चार ठिकाणी फिरणार. मग यादी नव्याने मांडली : जे एका गाडीने येतात ते शक्यतो एका घरी किंवा शेजारच्या घरी. त्यामुळे वराचे मित्र आणि वधूच्या मावश्या एका घरात आले आणि थोडी कुरकुर झाली, पण शुक्रवारी सकाळी कोकणकन्येचे ३८ जण गाडी उशिरा येऊनही उतरल्यापासून दीड तासाच्या आत खोल्यांत होते.

संपर्काचे काम फोनवर सोडले नाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. तीवर घरमालकाचे नाव, रिक्षावाल्याचा क्रमांक आणि खुणा होत्या : तिठा, मग चव्हाटा, मग उजव्या हाताला देऊळ, देवळापुढे विहीर. मोबाइलच्या नकाशावर घराची जी जागा दिसत होती तेथे जाणारा रस्ता वाळूत संपतो, आणि चिठ्ठी न वाचता आलेल्या दोन मोटारी शनिवारी रात्री तेथेच रुतल्या. त्या काढायला अर्धी वाडी गेली होती.

येण्यापुरते हे नियोजन चांगले म्हणावे लागेल. दादरचे सहा जण आणि वाळूत रुतलेल्या त्या दोन मोटारी सोडल्या तर कोणीही रस्त्यात अडकले नाही, आणि दोन्ही चाकाच्या खुर्च्या फलाटापासून खळ्यापर्यंत पोहोचल्या.

परतीचा रविवार

परतीचा तक्ता जानेवारीच्या शेवटी तयार झाला. तोवर रविवारी रात्रीच्या गाड्यांची २१ पक्की तिकिटे हाती होती. २० जण सोमवारी जायला तयार झाले, २२ जण आपापल्या मोटारींनी आले होते. उरलेल्या ४१ मुंबईकरांना सोमवारी कामावर हजर व्हायचे होते आणि त्यांच्यासाठी एकही बर्थ शिल्लक नव्हता. म्हणून एक पंचेचाळीस आसनी बस ठरवली. ती शनिवारी रिकामी आणावी लागल्याने जवळपास दोन्ही बाजूंचे भाडे पडले. तिच्यात चार जागा उरत होत्या.

त्या जागांपैकी तीन परदेशातून आलेल्या एका कुटुंबाला दिल्या. त्यांचे परतीचे विमान सोमवारी सकाळी साडेदहाला मुंबईहून होते. बस संध्याकाळी सहाला निघेल, पहाटे पाचच्या सुमारास मुंबईत असेल, साडेपाच तास हाताशी राहतील, असा हिशेब मी केला. कागदावर तो बरोबर दिसत होता. त्यांना रविवारी संध्याकाळच्या विमानाने मोपाहून मुंबईला पाठवता आले असते, किंवा मुहूर्त लागताच दुपारी मोटारीने काढता आले असते. दोन्हींचा उल्लेख झाला होता. पहिला महाग म्हणून, आणि दुसरा जेवणाच्या पंगतीआधी पाहुण्याला उठवणे बरे दिसत नाही म्हणून सोडला.

मुहूर्त साडेबाराचा होता. पंगती साडेतीनपर्यंत चालल्या. साडेपाचला कुडाळच्या प्रवाशांना घेऊन दोन ट्रॅव्हलर निघाल्या, कारण कोकणकन्या आणि तुतारी या दोन्ही गाड्या संध्याकाळनंतर कुडाळहून मुंबईकडे जातात. ठरल्याप्रमाणे त्या दोन गाड्या सातपर्यंत परत येऊन बसच्या प्रवाशांना तिठ्यावर पोहोचवणार होत्या. म्हणजे सहाला निघणाऱ्या बसचे प्रवासी सातला परतणाऱ्या वाहनांवर अवलंबून होते. हे आज लिहिताना मला लाज वाटते. जानेवारीत तक्ता केला तेव्हा बसची वेळ सात होती. त्या कुटुंबासाठी ती मी सहा केली आणि ट्रॅव्हलरच्या रकान्याकडे पुन्हा पाहिले नाही.

कुडाळ स्थानकाबाहेर जत्रेहून परतणाऱ्यांची एवढी गर्दी होती की गाड्या साडेसातनंतर खाली आल्या. तिसरी ट्रॅव्हलर दरम्यान पाठवणीत गुंतली होती. रिक्षांनी माणसे वर नेली, पण सामान राहिले, आणि सामान येताना होते त्याच्या दीडपट झाले होते : आम्हीच प्रत्येकाला काजू आणि आमसुलांची पिशवी दिली होती, शिवाय अनेकांनी आगळाच्या (कोकमाच्या रसाच्या) बाटल्या आणि पोह्याचे पापड विकत घेतले होते. बस आठ वाजून दहा मिनिटांनी हलली. कसाल ते कणकवली हा पट्टा जत्रेच्या वाहनांनी भरला होता. रात्री दोनच्या सुमारास चालकाने तासभर झोप घेतली. ती थांबवणे योग्य झाले नसते. पुढे माणगाव आणि इंदापूरच्या अपूर्ण रस्त्यावर सोमवारची पहाट झाली आणि पनवेलला बस साडेनऊनंतर पोहोचली. त्या कुटुंबाचे विमान गेले. नवी तिकिटे काढण्याचा खर्च वधूच्या वडिलांनी दिला, आणि त्यांनी तो मला कळू दिला नाही; मला तो दोन महिन्यांनी दुसऱ्याकडून समजला. बसमधल्या बाकीच्यांचा सोमवारचा दिवस बुडाला.

रेल्वेचे २१ जण मात्र पहाटे व्यवस्थित घरी पोहोचले, आणि सोमवारी निघालेले २० जण तर सगळ्यांत निवांत होते. रविवारी संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ते समुद्रावर फिरून आले आणि उरलेल्या जेवणावर गप्पा मारत बसले.

निर्णयाचे टप्पे, पुन्हा पाहिले तर

तारीख धरण्याआधी आंगणेवाडीला एक फोन करायला हवा होता. कौल झालेला नसला तरी जत्रा साधारण कोणत्या आठवड्यांत होऊ शकते हे तेथील जाणते सांगतात, आणि तो काळ टाळून डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा मार्चचा मध्य धरता आला असता. मी नंतर फोन केला तेव्हा पलीकडच्या वृद्ध गृहस्थांनी, ‘कौल झालो काय कळवतंय’ (कौल झाला की कळवतो) एवढेच म्हटले. सप्टेंबरमध्ये एवढेही पुरले असते, कारण त्यातून फेब्रुवारीचा शब्द कोणी देऊ शकत नाही हे कळले असते.

आठवडा तोच ठेवूनही वार बदलता आला असता. लग्न शुक्रवारी दुपारी असते तर येणारे बुधवारी रात्री निघाले असते आणि परतणारे शनिवारी, म्हणजे गर्दी मुंबईहून कोकणाकडे येत असताना आम्ही उलट दिशेने गेलो असतो. एका दिवसाची रजा जास्त लागली असती. ती मागण्याचा संकोच सर्वांना वाटला. प्रत्यक्षात रविवारच्या लग्नासाठीही बसमधल्या ४१ जणांची सोमवारची रजा झालीच.

पाहुण्यांना आम्ही विचारलेला पहिला प्रश्न ‘तुम्ही कधी येणार?’ हा होता. तो यजमानाच्या तोंडी स्वाभाविक आहे. ‘तुम्ही कधी जाणार?’ असे विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटते. पण ज्या पाहुण्याला सोमवारी सकाळी अमुक ठिकाणी असायलाच हवे, त्याची यादी डिसेंबरमध्ये वेगळी झाली असती तर परतीची २१ पक्की तिकिटे आधी अशा पाहुण्यांना गेली असती. प्रत्यक्षात ती वयाप्रमाणे वाटली गेली आणि त्यांतले नऊ जण निवृत्त होते, ज्यांना सोमवारी घरी पोहोचण्याची कसलीही घाई नव्हती. २५ डिसेंबरला सकाळी आठला परतीचे आरक्षण खुले झाले तेव्हा आठपैकी तिघे तरुण नाताळच्या सुटीसाठी बाहेर गेले होते, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी नंतर लॉगिन केले तेव्हा ‘रिग्रेट’ आले. येण्याच्या आरक्षणासाठी मी स्वतः सगळ्यांना आदल्या रात्री फोन केला होता; परतीसाठी केला नव्हता.

वाहनांबाबत साधा बदल पुरेसा होता : स्थानकाची वाहने आणि तिठ्याची वाहने वेगळी ठेवायची, आणि सामान जेवणाच्या वेळीच वर नेऊन बसमध्ये भरायचे. चौथी ट्रॅव्हलर घेण्याचा खर्च मी टाळला होता. बुडालेल्या विमानतिकिटांपुढे तो किरकोळ होता.

यांतील एका मुद्द्यावर घरात अजून एकमत नाही. वराच्या मामांचे म्हणणे आहे की तारीख कळल्यावर लग्न पुढे ढकलायला हवे होते आणि पत्रिका पुन्हा छापायला हव्या होत्या. वधूचे वडील म्हणतात की जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मुलीचे लग्न झाले यात त्यांना आनंदच आहे. सोमवारी थांबलेल्या वीस जणांपैकी बारा जण दुपारची गाडी पकडण्याआधी आंगणेवाडीला जाऊन आले, रांग नव्हती, आणि दर्शन पाच मिनिटांत झाले.